‘होणे’ला इंग्रजीत बिकम, गेट, गो, टर्न, ग्रो अशी इतकी क्रियापदं कशाला? कुठलं कधी वापरायचं?

तुमचं म्हणणं असं, की मराठीत एका ‘होणे’वर भागतं, मग इंग्रजीत हा एवढा गोतावळा कशासाठी? आणि ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय बिकेम लेट’ लिहिलं तर लोक हसले का? मेलकडे शेवटी येतो. पण मराठीत एका ‘होणे’वर भागतं, हेच मला मान्य नाही.

आढीतला आंबा पिवळा होतो. पिकावर रोग आला की पानं मात्र पिवळी पडतात. उन्हात माणूस काळा पडतो, कपाटातलं चांदीचं भांडं काळं पडतं, पण क्रीम चोपडून आजवर कोणी ‘गोरा पडल्याचं’ ऐकलंय? तो गोरा होतो (झालाच तर). एसटी बंद पडते, माणूस आजारी पडतो, चेहरा पांढराफटक पडतो. विशेषणाला ‘पडणे’ जोडलं की बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेलं असतं. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, घरात ऐकून ऐकून आलं. इंग्रजी माणसाचं ‘गो’ असंच घरातून येतं, आणि बऱ्याच अंशी ते आपलं ‘पडणे’च आहे.

मला हे कळलं ते इंग्लंडमधल्या लीड्सला, चौघांत मिळून घेतलेल्या घराच्या स्वयंपाकघरात. पहिल्याच आठवड्यात घरातल्या एकाने दुधाची बाटली उघडून नाकाशी धरली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, ‘दिस हॅज गॉन ऑफ.’ मी ‘ऑफ’ एवढंच ऐकलं आणि फ्रिजच्या मागचं बटण बघायला वाकलो. बटण चालू होतं. दूध नासलं होतं.

नंतर लक्ष ठेवून ऐकायला लागलो. ब्रेड ‘गोज स्टेल’, लोणी ‘गोज रॅन्सिड’, बॅटरी ‘गोज फ्लॅट’. माणसंही त्याच रांगेत: गो ब्लाइंड, गो डेफ, गो बाल्ड, गो मॅड, गो बँकरप्ट. आपल्याकडे दूध नासतं, आमटी विटते, पीठ आंबतं, पापड सादळतो, लोखंड गंजतं, म्हणजे ज्याच्या त्याच्या बिघाडाला स्वतःचं क्रियापद. तेही ‘रस्ट’, ‘रॉट’ वापरतात, पण रोजच्या बोलण्यात ‘गो’ लावून पुढे विशेषण ठेवलं की त्यांचं काम होतं. ‘सादळणे’ला तर मला अजून एका शब्दात इंग्रजी सापडलेलं नाही. ‘द पापड्स हॅव गॉन सॉफ्ट’ म्हणायचं आणि गप्प बसायचं.

गोष्ट चांगली घडली की दिशा उलटते आणि ‘कम’ येतं. स्वप्न ‘कम्स ट्रू’. ‘गोज ट्रू’ कोणी म्हणत नाही. जणू बरं असतं ते आपल्याकडे येतं आणि वाईट होतं ते आपल्यापासून लांब जातं. पण याचा फार मोठा नियम करू नका. बुटाची नाडी सुटली तर ती ‘कम्स अनडन’, आणि व्हिडिओ ‘गोज व्हायरल’ तेव्हा तो टाकणारा खूशच असतो.

‘टर्न’ म्हणजे वळण. एक बाजू संपून दुसरी लागते. पानांचा रंग, हवा, दूध (‘टर्न्ड सावर’), आणि मुख्य म्हणजे वय. ‘शी टर्न्ड फॉर्टी’ म्हणजे तिला चाळिसावं लागलं नव्हे. चाळीस पूर्ण झाली, एक्केचाळिसावं लागलं. इथे आपले लोक हमखास एक वर्ष चुकतात. कोर्टाच्या बातम्यांत हेच क्रियापद रोज भेटतं. ‘विटनेस टर्न्ड होस्टाइल’ म्हणजे साक्षीदार उलटला, ‘टर्न्ड अप्रूव्हर’ म्हणजे माफीचा साक्षीदार झाला. आपल्या ‘उलटला’, ‘फिरला’ यांतही तेच वळण आहे, त्यामुळे हे क्रियापद मराठी माणसाला जड जाऊ नये. पुढे नाम आलं की जादूगाराचा ‘टर्न इंटू’ लागतो, बेडकाचा राजपुत्र होतो तो. ‘टर्न्ड ट्रेटर’, ‘टर्न्ड अप्रूव्हर’ अशा ठरीव जोड्यांत तो ‘इंटू’ही लागत नाही आणि ‘अ’ही नाही.

‘ग्रो’ हळूहळू होण्यासाठी, आणि जरा पुस्तकी. आपलं ‘होत जाणे’, ‘आवडत जाणे’. ‘आय ग्रू टू लाइक इट’ म्हणजे आधी नावडतं होतं, मग आवडत गेलं. ‘फॉल’ तर आपल्याला फुकटच मिळालाय. फॉल इल, आजारी पडणे.

राहिले दोन दांडगे, गेट आणि बिकम. बोलताना विशेषणाआधी डोळे मिटून ‘गेट’ लावा, दहातल्या आठ वेळा तरून जाल: गेट अँग्री, गेट कोल्ड, इट्स गेटिंग डार्क. फक्त पुढे नाम आलं की सावध. ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हणजे ती डॉक्टर झाली असं नाही, तिने डॉक्टर शोधून आणला. तिथे ‘बिकेम’च हवं. हुद्दा, पेशा, नातं यांना बिकम: बिकेम अ टीचर, बिकेम अ मदर. विशेषणालाही ते चालतं, पण जरा इस्त्रीचे कपडे घातल्यासारखं वाटतं. अहवालात शोभेल, चहाच्या टपरीवर नाही.

हा घोळ एकट्या मराठी माणसाचा नाही. जर्मनमध्ये ‘बेकॉमेन’ म्हणजे मिळणे. त्यामुळे हॉटेलात बसून ‘आय बिकम अ स्टेक’ म्हणणाऱ्या जर्मन पाहुण्याचा विनोद युरोपात जुना आहे. दोन्ही शब्दांचं मूळ एकच. इंग्रजी ‘बिकम’चाही जुना अर्थ येऊन पोचणे असाच होता. ‘होणे’साठी जुन्या इंग्रजीत वेगळंच क्रियापद होतं, जर्मन ‘वेर्डेन’चं (म्हणजे ‘होणे’चं) सख्खं भावंड. ते मध्ययुग सरता सरता वापरातून गेलं. १६११च्या इंग्रजी बायबलात, यहेज्केलच्या ३०व्या अध्यायात, ‘वो वर्थ द डे’ (त्या दिवसाचं वाईट होवो) असा आकांत केला आहे, त्यातला ‘वर्थ’ म्हणजे त्याच क्रियापदाचा उरलेला तुकडा. किमतीचा ‘वर्थ’ तो हा नव्हे. माझ्या मते तुमच्या प्रश्नातल्या ‘कशाला’चं निम्मं उत्तर इथे आहे. ‘होणे’चं काम करणारं जुनं क्रियापद गेलं आणि येणे, जाणे, वळणे, वाढणे, मिळणे या शेजाऱ्यांनी त्याचं काम आपसात वाटून घेतलं. प्रत्येकाने स्वतःची सवय सोबत आणली, म्हणून ‘गो’ला अजून लांब जाण्याचा वास येतो आणि ‘ग्रो’ला सावकाशीचा.

बिकमचा आणखी एक अर्थ माहीत असू द्या: शोभणे. ‘दॅट कलर बिकम्स यू’ म्हणजे तो रंग तुम्हाला खुलतो. हल्ली फारसं ऐकू येत नाही, पण सरकारी नोकरांच्या चौकशीच्या कागदात ‘अनबिकमिंग’ दिसलं तर दचकू नका. ते ‘न शोभणारं वर्तन’ आहे.

आता तुमची मेल. ‘मला उशीर झाला’ यात आपण ‘झाला’ म्हणतो, म्हणून तुम्ही बिकेम शोधलंत. इंग्रजीत या जागी ‘होणे’ नाहीच. तिथे स्थिती सांगतात, बदल नाही. पोचल्यावर ‘सॉरी, आय अ‍ॅम लेट’, दुसऱ्या दिवशी मेलमध्ये ‘आय वॉज लेट’. ‘आय गॉट लेट’ आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास चालतं, समजतंही सगळ्यांना. पण साहेब परदेशातला असेल तर ते टाळा. ‘इट गॉट लेट’ मात्र बरोबर आहे, फक्त त्याचा अर्थ रात्र झाली. रात्री अकराला पाहुण्यांकडून निघताना म्हणायचं ते.