निळ्या बाटलीचा प्रयोग करताना

सर, वर्गात दाखवायला केलेलं तुमचं निळ्या बाटलीचं द्रावण (हलवलं की निळं, ठेवलं की बिनरंगी) गढूळ झालं, तो दोष तुमचा नाही, बोअरच्या पाण्याचा. आपल्या मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड पडलं की मॅग्नेशियम, कॅल्शियमचा पांढरा साका धरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा. ॲसिडचा कॅन नव्हे, लेबल वाचून घ्या.

३०० मिली पाण्यात ८ ग्रॅम हायड्रॉक्साइड थोडं थोडं विरघळवा. भांडं तापतं, चष्मा, हातमोजे हवेतच. गार झाल्यावर १० ग्रॅम ग्लुकोज, मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचे चार-पाच थेंब. घरातली साखर चालत नाही. रात्रीच करून ठेवू नका, द्रावण पिवळं-तपकिरी पडतं.

उन्हाळ्यात निळा रंग मागच्या बाकापर्यंत दिसायच्या आतच उडतो, कारण उष्णतेनं ग्लुकोजची क्रिया वेग घेते. बाटली आधी माठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. मागे पांढरा कागद लावा.

माझ्या मते खरा धडा दुसऱ्या बाटलीत आहे. पहिली अर्धीच भरा, दुसरी काठोकाठ. दोन्ही बुचं घट्ट लावून बिनरंगी होऊ द्या, मग हलवा. अर्धी निळी होते, भरलेली ढिम्म! कारण लगेच सांगून टाकू नका, पोरांना भांडू द्या. कोणीतरी 'हवा' म्हणतंच. मग भरलेलीतलं थोडं ओतून पुन्हा हलवा: हवेतला ऑक्सिजन विरघळला, रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण होऊन ते निळं झालं, ग्लुकोजनं त्याचं परत क्षपण केलं आणि रंग गेला, हे त्यांच्याच तोंडून येतं.

इंडिगो कार्माइन या दुसऱ्या रंगद्रव्याचा हिरवा-लाल-पिवळा खेळ पुढच्या वर्षी.