आधी मांड, मग लगाम

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी घेतलंय. गेले आठ महिने शनिवार-रविवारी पुण्याजवळच्या एका क्लबमध्ये घोडेस्वारी शिकते. घोडा दुडकीला लागला की मी खूप उडते, लगाम ओढला तरी तो पळत सुटतो. सर म्हणतात, ‘हिंमत आहे, पण अंग लाकडासारखं आहे.’ यंदा जंपिंगच्या बॅचमध्ये मला घेतलं नाही. मला यातच करिअर करायचंय. बाबा म्हणतात, हा श्रीमंतांचा खेळ आहे, नाद सोड. माझ्यात तो गुणच नाही असं समजू का?

उत्तर : नाही, तसं मुळीच समजू नकोस. आठ महिने, तेही आठवड्यातले दोनच दिवस, म्हणजे तू जेमतेम साठ-सत्तर वेळा घोड्यावर बसली असशील. तेवढ्यात अंग सैल होत नाही. सरांनी उडीच्या बॅचला थांबवलं ते योग्यच केलं. मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, पक्की नसताना उडी घेतली की स्वार तोल सावरायला लगामाला लटकतो आणि त्याचा झटका थेट घोड्याच्या तोंडाला बसतो.

आपल्याकडे ‘मांड ठोकणे’ म्हणतात, त्यात हाताचा उल्लेखही नाही. घोडा दुडकीत तिरक्या जोडीनं पाय टाकतो, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग उलट. दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात. तो हिसका तुझ्या कमरेनं झेलायचा असतो. कंबर आखडली की तू त्याच्या पाठीवर आपटतेस. पाठ दुखते म्हणून तो ती खाली दाबतो, मान वर करतो आणि पळायला लागतो. मग तू लगाम ओढतेस, तो आणखी ताणतो. चार-पाचशे किलोच्या जनावराशी ओढाताणीत कोण जिंकणार?

डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई आठव. कमरेखाली चाल असते आणि कमरेवर सगळं स्थिर. अंग ताठ केलं तर पाणी हिंदकळतं. घोड्यावर हेच करायचं असतं.

कॉलेजात मी एनसीसीच्या घोडेस्वारीच्या तुकडीत होते. आमच्या उस्तादांनी रिकिबी, म्हणजे पाय अडकवायच्या कड्या, काढून घेतल्या, लगामाला गाठ मारून तो घोडीच्या मानेवर टाकला आणि लांब दोरावर गोल फिरवायला सुरुवात केली. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, धरायला काही नाही. मी भीतीनं गुडघे आवळायचे आणि जितके आवळायचे तितकी वर फेकली जायचे. पहिले दोन दिवस जिना चढवत नव्हता. एका सकाळी उस्ताद ओरडले, ‘साँस मत रोको, जोर से गिनो!’ मोजायला तोंड उघडलं आणि कोंडलेला श्वास सुटला. मांड्या लांबल्या, टाचा खाली गेल्या आणि चार-पाच पावलं मी घोडीला चिकटून होते. चारच पावलं, पण घोडीनं लगेच मान खाली सोडली आणि फुरफुरली. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

घोड्याचा जोर मागच्या पायांतून येतो. तो जोर मारून टाकायचा नसतो, पायानं जागता ठेवून मांडीनं आणि बोटांनी आवरायचा असतो. घोडा हळू करायचा असेल तर आधी श्वास सोड, खोल बस, मग बोटं मिट आणि त्यानं ऐकलं की त्याच क्षणी सैल सोड. हे सैल सोडणंच बहुतेक जण विसरतात.

आता बाबांच्या म्हणण्याकडे येते. ते निम्मे बरोबर आहेत. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात, सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण 1982 नंतर पहिल्यांदाच आलं. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. पण या चौघांची तयारी युरोपात झाली. स्वतःचा घोडा, परदेशातला मुक्काम, प्रशिक्षक, हा खर्च सामान्य घराला झेपत नाही. तेव्हा पदक म्हणजेच करिअर, असं धरून चालू नकोस.

पण घोड्याजवळ राहून करायची कामं बरीच आहेत. तुझ्याकडे बायोलॉजी आहे, तेव्हा ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यकीय पदवीला जाता येईल. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथे महाविद्यालयं आहेत. घोडा जाणणाऱ्या डॉक्टरला रेसकोर्सवर आणि घोड्यांची पैदास होते त्या स्टड फार्मवर काम असतं. तुझ्या बाबतीत मला हाच रस्ता सगळ्यात पक्का वाटतो. दुसरा एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. 2022 पासून तिथे मुलींनाही प्रवेश आहे आणि खडकवासल्याला घोडेस्वारी प्रशिक्षणाचाच भाग आहे. मात्र केवळ घोड्यासाठी तिकडे जाऊ नकोस, फौजेची ओढ असेल तरच जा. तिसरा प्रशिक्षक होण्याचा. त्यात सुरुवातीची वर्षं कमी पैशांत जातात, हे घरी आधीच सांग.

कुठलाही रस्ता घेतलास तरी तबेल्यातलं काम आत्तापासून शिक. तासभर आधी जा, मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याच्या, हाताखाली खरारा कर, खूर साफ कर, घोडा फिरवून थंड कर. घोड्याचा पाय दुखावून गरम झाला आहे की नाही, हे हाताला कळायला लागतं ते असंच. ‘घोडा का अडला?’ याचं जुनं उत्तर ‘न फिरवल्यानं’ असंच आहे, आणि तो रोज फिरवणाऱ्या माणसाकडून तुला जे कळेल ते माझ्या पत्रातून कळणार नाही.

जूनपर्यंत अभ्यासाला प्राधान्य दे, घोडा शनिवार-रविवारच राहू दे. या शनिवारी सरांना एवढंच विचार : ‘उडीचं राहू दे सर, मला तीन महिने लांब दोरावर, रिकिबीशिवाय बसवाल का?’ आणि एकदा बाबांनाही सोबत ने. त्यांनी तुला पडताना नाही, खरारा करताना पाहावं, असं मला वाटतं.