बुटातलं गाजर

प्रश्न : माझी सात वर्षांची भाची विचारते, सांताक्लॉज एका रात्रीत जगभर पोचतो कसा? मला उत्तर सुचलं नाही. शिवाय त्याचा लाल पोशाख कोका-कोलानं शोधून काढला, असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : भाचीला सांगा, सगळीकडे तो जातच नाही. युरोपात हे काम इतरही बरेचजण करतात, आणि त्यांच्या तारखा वेगवेगळ्या आहेत.

पोशाखाचं आधी उरकते. हॅडन सनब्लॉम १९३१ पासून कोका-कोलासाठी सांताची चित्रं काढत होते आणि त्यांचा गुबगुबीत म्हातारा घरोघरी पोचला, एवढं खरं. पण लाल कोटातला सांता त्याच्या कितीतरी आधी अमेरिकी मासिकांच्या मुखपृष्ठांवर होता.

आता माझ्या आवडीचा विषय. मी दोन वर्षं नेदरलँड्समध्ये लायडनला होते. तिथे येतो तो सिंटरक्लास. नोव्हेंबरच्या मध्याला, आगबोटीतून, आणि म्हणे स्पेनहून! लाल झगा, बिशपची उंच टोपी, बसायला पांढरा घोडा. मूळचा हा मायराचा संत निकोलस. मायरा आज तुर्कस्तानात आहे. त्याचा सण ६ डिसेंबरला, पण डच घरांतली धमाल आदल्या संध्याकाळची. सांताक्लॉज हे नाव निघालं ते याच्याच नावावरून. (सिंटरक्लासचे मदतनीस पूर्वी तोंडाला काळं फासून यायचे. त्यावरून बरीच वर्षं वाद पेटला; आता अनेक ठिकाणी गालांवर नुसते काजळीचे पट्टे असतात.)

मुलं रात्री बूट मांडून ठेवतात, आत घोड्यासाठी गाजर. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीनं एकदा आईला ते गाजर सोलूच दिलं नाही. घोडा सालं काढून खातो का, हा तिचा सवाल. ती झोपल्यावर तिच्या बाबांनी ते गाजर उभ्याउभ्या, सालासकट अर्धं खाल्लं, चार तुकडे फरशीवर सांडले आणि बुटात तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट सरकवलं. मग उरलेला बुडखा माझ्यासमोर धरून म्हणाले, "घोड्यानं खाल्ल्यासारखं वाटतंय ना?" मी हो म्हटलं. वाटत नव्हतं.

तेव्हापासून मी आधी जनावराची चौकशी करते. इटलीत व्हेरोना, बेर्गामोकडे १३ डिसेंबरला सांता लुचिया, म्हणजे संत लुचिया येते. तिच्या गाढवासाठी गवत काढून ठेवतात. स्पेनमध्ये ५ जानेवारीच्या रात्री बाळ येशूला भेटायला गेलेले तीन राजे येतात, म्हणून उंटांसाठी पाणी आणि चारा. त्याच रात्री इटलीत फिरणाऱ्या बेफाना म्हातारीकडे मात्र झाडू आहे, त्यामुळे वैरणीची कटकट नाही. वात्रट पोरांना ती कोळसा देते. हल्ली तो काळ्या साखरेचाही मिळतो.

आइसलँडमध्ये तर तेरा भाऊ. १२ डिसेंबरपासून रोज एकेक डोंगरावरून उतरतो आणि खिडकीतल्या बुटात काहीतरी टाकतो, पोर द्वाड असेल तर बटाटा. यांना गाजर वगैरे काही ठेवावं लागत नाही, हे स्वतःच हात मारतात. एक चमचे चाटतो, एक दारं आपटतो, शेवटच्याचा डोळा मेणबत्त्यांवर. यांची आई ग्रीला ही मुलं शिजवून खाणारी राक्षसीण, तेव्हा भाचीला भावांवरच थांबवा.

आणि स्पेनच्याच कॅटलोनिया प्रांतात जनावरही तेच, देणाराही तोच. 'तिओ' म्हणजे लाकडाचा ओंडका. त्याला पुढे दोन पाय आणि हसरा चेहरा. ८ डिसेंबरपासून मुलं त्याला रोज रात्री खाऊ घालतात, थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घालतात. नाताळात त्याच ओंडक्याला गाणं म्हणत काठ्यांनी बडवतात आणि पांघरुणाखालून मिठाई काढतात. ती बाहेर कशी आली म्हणायचं, ते गाण्यातच स्पष्ट आहे : ओंडक्यानं शी केली. भाचीला आधी हेच सांगा. सांता एका रात्रीत कसा पोचतो, हे ती बहुधा पुन्हा विचारणार नाही.