जुन्या पद्मिनीचे हेडलाइट मंद पडतात, एलईडी टाकू का?

नका टाकू. एलईडी, शंभर-नव्वद वॅटचा बल्ब, दुकानदार काउंटरवर जे काय दाखवेल ते काहीही घेऊ नका, आधी अर्थ बघा, म्हणजे लाइटमधून बॉडीत आणि तिथून बॅटरीच्या नेगेटिव्हला परत जाणारी जोडणी. तुम्ही लिहिलंय की ८६ ची प्रीमिअर पद्मिनी आहे, बल्ब नवीन, बॅटरी नवीन, तरी डिपरवर (जवळच्या, खालच्या झोतावर) डावा लाइट लालसर होतो आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरचा अप्परचा (लांबच्या झोताचा) निळा दिवा अंधुक पेटतो, हॉर्न दाबला की सगळंच लुकलुकतं, आणि वायरमन म्हणतो अख्खं वायरिंग बदला. अहो, तो निळा दिवाच सगळं सांगतोय की! डाव्या लाइटचा अर्थ गेलाय. करंटला बॉडीत उतरायला वाट नाही म्हणून तो डिपरच्या फिलॅमेंटमधून अप्परच्या फिलॅमेंटमध्ये उलटा शिरतो, अप्परच्या वायरने मागे येतो आणि उजव्या लाइटच्या अप्परमधून एकदाचा अर्थ गाठतो. वाटेत निळा दिवाही त्याच वायरवर, म्हणून तोही पेटतो. यात नवीन वायरिंग कुठून आलं?

एवढं ठासून बोलायचं कारण म्हणजे आमच्या घरात यावरून अजून वाद आहे. वडिलांची पद्मिनी ८३ ची, नंबर लावून, वाट बघून मिळालेली, त्यामुळे ती विकायचा विषय आमच्याकडे निघत नाही. चुलतभावाच्या लग्नाआधी तिला डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, रंग झकास दिला त्या माणसाने, नाव ठेवायला जागा नाही, पण गाडी घरी आली ती लाइट मंद घेऊनच. आधी असं काही नव्हतं. तर आमचे भावजी, थोरल्या ताईचे मिस्टर, त्यांचं तेव्हापासून एकच पालुपद, "जुन्या गाडीचे लाइट असेच असायचे, एलईडी टाक नाहीतर विकून टाक." वर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचं उदाहरण, की त्यांनी आयुष्य काढलं याच लाइटवर. काढलं ना, शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत होती. पण मुंबईत रस्त्याला दिवे असतात भावजी, आंबा घाटात नसतात.

आणि झालंही तिथेच. देवरुखचं लग्न आटपून रात्री कोल्हापूरला निघालो, साखरप्यापर्यंत ठीक होतं, घाट सुरू झाला आणि धुकं असं उतरलं की समोरचा पांढरा पट्टासुद्धा दिसेना, अप्पर टाकला तर धुकं तोंडावर येतं आणि डिपर टाकला तर डावी बाजू गायब, आणि डावीकडे काय आहे ते त्या घाटात गेलेल्यांना सांगायला नको. भावजी शेजारी बसून, "तरी मी म्हणत होतो." मागे ताई आणि आई, दोघी गप्प. जरा रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, डिकीतून दोन्ही टोकांना क्लिप असलेली वायर काढली (जुनी गाडी असेल तर ही वायर गाडीत पाहिजेच, स्टेपनीइतकीच), एक टोक बॅटरीच्या नेगेटिव्हला, दुसरं डाव्या लाइटच्या काळ्या वायरच्या टोकाला. लखकन उजेड पडला. ताई मागून ओरडलीच, "अगंबाई!" भावजी म्हणाले, "ओल आली असेल, वाळली." आजही तेच म्हणतात! भर धुक्यात काय वाळलं ते मात्र सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी काळ्या वायरचा स्क्रू खोलला तर खाली आणि वॉशरवर छान क्रीम रंग. पेंटरने पत्रा घासला, प्रायमर मारला, रंग मारला आणि त्याच्यावर अर्थचा स्क्रू आवळला. रंगातून करंट जात नाही हो. पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर टाकला, वरून व्हॅसलीन. खर्च चहाचा. त्याआधी एका गॅरेजवाल्याने अल्टरनेटर आणि वायरिंग मिळून जो आकडा सांगितला होता तो इथे लिहीत नाही, वडील वाचतात.

तर तुम्हीही क्लिपची वायर लावून बघा, मिनिटाचं काम आहे. मग व्होल्ट मोजायचा मीटर घ्या आणि लाइट चालू ठेवून मोजा, बंद ठेवून मोजून उपयोग नाही कारण करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडसुद्धा पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. बॅटरीच्या नेगेटिव्हपासून बल्बच्या अर्थपर्यंत आणि पॉझिटिव्हपासून बल्बच्या पिनपर्यंत, यातल्या ज्या बाजूला मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवेल त्या बाजूला कुठेतरी जोड खराब. बल्बपर्यंत दोन व्होल्ट कमी पोचले की उजेड जवळजवळ निम्मा होतो, लोकांना वाटतं बल्ब भिकार आहे. पॉझिटिव्ह बाजूला पहिला संशय फ्यूज बॉक्सवर, ते दोन्हीकडून निमुळते फ्यूज नुसते बोटाने फिरवले तरी कधी कधी लाइट सुधारतो.

मूळ वायरिंगमध्ये हेडलाइटला रिले (स्विचच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा डबा) नाही, सगळा करंट स्विचातून जातो, दोन साठ वॅटचे बल्ब म्हणजे अप्परला दहा अँपिअर. म्हणून दोन रिले टाका, एक डिपरला एक अप्परला. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: बॅटरीवरून फ्यूज घालून ३० ला, ८७ वरून लाइटला, जुनी स्विचची वायर ८६ ला, ८५ अर्थ. शंभर-नव्वदचे बल्ब टाकले तर हाच आकडा सोळाच्या वर जातो, मग होल्डर वितळला की पुन्हा जुन्या गाडीच्या नावाने बोंब. आणि एलईडी त्या जुन्या रिफ्लेक्टरमध्ये नीट फोकस होत नाही, समोरच्याच्या डोळ्यात जातो, तुमच्या रस्त्यावर नाही. भावजींनी त्यांच्या मित्राच्या गाडीला टाकून दिलेत, मी समोरून आलोय त्या गाडीच्या, काय ते विचारू नका.

हॉर्नचं म्हणाल तर बॅटरीचे क्लॅम्प आणि इंजिन-बॉडीची अर्थ पट्टी बघा, बहुतेक तेच.

हां, एक राहिलं. गाडीला अल्टरनेटरऐवजी जुना डायनामो असेल तर इंजिन स्लोवर असताना लाइट मंद होणारच, तो दोष नाही, रेस दिल्यावर बघा. रिलेचं काम करताना बॅटरीची नेगेटिव्ह काढून ठेवा. आणि हे वाचून कोणी जुन्या मॉरिस-ऑस्टिनवर हात चालवणार असेल तर आधी बॅटरी बघा, त्यातल्या बऱ्याच गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह जोडलेलं, तिथे क्लिप नेगेटिव्हला लावलीत तर सरळ शॉर्ट.