आता हा कायमचा दवाखान्यातच का?

काकूंनी पिशवीतून बँकेची डायरी काढली. तारखेवार उभ्या रेघा. मुलगा जितक्यांदा संडासला गेला तितक्या. रक्त पडलं की रेघेवर लाल टिंब. (तपशील अर्थातच बदललेत.) मुलगा चोवीस वर्षांचा, अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार. वर्षभर मूळव्याध समजून घरगुती उपाय, मग निदान आणि आतड्याची सूज कमी करणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या. नुकताच आठवडाभर ऍडमिट राहून, शिरेतून स्टिरॉइड घेऊन घरी आलेला.

"याच्या बाबांनी मोबाइलवर वाचलं, या आजाराचे पेशंट जगात जास्त ऍडमिट व्हायला लागलेत. म्हणजे हा आता कायमचा दवाखान्यातच का हो मॅडम?"

बाबांनी वाचलेलं खोटं नव्हतं, अर्धं होतं. तुर्कस्तान, चिली, मेक्सिको अशा देशांत १९९० नंतर दवाखान्यातली भरती वाढत गेली, कारण तिथे रुग्णच वाढले. युरोप-अमेरिकेत प्रमाण आधीपासून जास्त, पण बरंचसं स्थिरावलेलं. आजार जन्मभराचा, त्यामुळे तिथेही रुग्ण दरवर्षी साठत जातात. तरी भरती त्या मानाने वाढली नाही. १९९८ साली आतड्याची सूज आवरणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध आलं, २००५ पासून ते या आजारालाही मिळू लागलं, उपचार सुधारले. काकूंना म्हटलं, "वाड्यात बिऱ्हाडं वाढली की पाण्याचं बिल वाढतंच. म्हणून प्रत्येक घर जास्त पाणी उपसतं असं नाही ना?"

त्या हसल्या. मुलगा नाही. पंधरा मिनिटं मी जगाचा हिशेब सांगत बसले होते आणि ज्याचं पोट दुखतंय त्याला एक शब्द विचारला नव्हता.

डायरी त्याच्याकडे सरकवली. मार्चपर्यंत दोन-दोन रेघा, मग पाच, मग आठ. "इथे काय झालं?"

"गोळ्या सोडल्या होत्या. बरं वाटत होतं. आणि डब्याबरोबर गोळ्या काढल्या की ऑफिसात सगळे विचारतात."

काकूंना हे ठाऊकच नव्हतं.

गोळ्या घेतल्या की ऍडमिट व्हावं लागणारच नाही, असं मी म्हटलं नाही. काहींना तरीही लागतं. पण बरं वाटलं म्हणून औषध सोडणं हे आजार उसळण्याचं नेहमीचं कारण. आणि दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, सोबत ताप किंवा धडधड असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

डॉक्टरांना विचारून सगळा डोस रात्री जेवणानंतर एकदाच घ्यायचं ठरलं. डायरी चालू आहे. रेघा आता तो स्वतः मारतो, आणि आईला दाखवत नाही.