पासवर्ड बदलला, पण कंटेनरला पत्ताच नाही

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं कापूस-सोयाबीनच्या आवकेचं वेब-ॲप केंद्रातल्या कॉम्प्युटरवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं, डेटाबेस पोस्टग्रेस. ‘डॉट ईएनव्ही’ या सेटिंगच्या फाइलमधला पासवर्ड बदलून ‘डॉकर कंपोज रीस्टार्ट’ (कंपोज म्हणजे सगळे कंटेनर एकत्र सांभाळणारी सोय) केलं, तर ॲप जुन्यावरच चालू. लाइट जाऊन आली, तरी तेच. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ‘डॉकर कंपोज अप -डी’ दिलं, तर आता ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’. काय करावं?
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंग, कंटेनरला मिळतात ते तो तयार होताना. रीस्टार्टमध्ये तोच जुना कंटेनर थांबतो आणि उठतो. लाइट जाण्यानेही वेगळं काही होत नाही. ‘अप -डी’ मात्र बदल ओळखून नवा कंटेनर बनवतं. म्हणजे ॲपला नवा पासवर्ड मिळाला. अडलंय ते पोस्टग्रेसपाशी. त्याची अधिकृत इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो तयार साचा) ‘पोस्टग्रेस_पासवर्ड’ हे व्हेरिएबल डेटाची डिरेक्टरी रिकामी असेल तेव्हाच, म्हणजे पहिल्या वेळीच, वापरते. पुढे फाइलमध्ये काहीही लिहा, आतला पासवर्ड जुनाच राहतो.

यावर ‘डाउन -व्ही’ करून पुन्हा उभं करा, असा सल्ला हमखास मिळेल. चुकूनही करू नका. त्याने व्हॉल्यूमच, म्हणजे डेटा साठवलेली जागाच, पुसली जाते, आणि हंगामाच्या सगळ्या नोंदी त्यासोबत. आधी ‘पीजी_डंप’ या पोस्टग्रेसच्या कमांडने बॅकअप घ्या, त्यासाठी कंटेनरच्या आत कमांड चालवणाऱ्या ‘डॉकर कंपोज एक्झेक’ला मोठा टी असलेला ‘-टी’ लावून आउटपुट फाइलमध्ये वळवा. मग डेटाबेसच्या कंटेनरमध्ये ‘पीएसक्यूएल’ हा पोस्टग्रेसला कमांड देण्याचा प्रोग्राम उघडा. आतून जोडताना ही इमेज मुळात पासवर्ड विचारत नाही, हीच आपली सोय. तिथे उलटी तिरकी रेघ देऊन ‘पासवर्ड’ आणि युजरचं नाव लिहा, नवा पासवर्ड दोनदा टाका. एवढ्यात ॲप बंद पडलं असेल तर तेवढं सुरू करा.

नव्या पासवर्डात डॉलरचं चिन्ह असेल तर फाइलमध्ये तो एकेरी अवतरणात ठेवा. नाहीतर कंपोज पुढची अक्षरं व्हेरिएबलचं नाव समजून गिळतं. शेवटी काय पोचतंय ते ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ दाखवतं. पासवर्डही उघडा दाखवतं, तेव्हा त्याचा स्क्रीनशॉट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

प्रश्न : ‘डॉट ईएनव्ही’मध्ये ‘डीबग’ला ‘फॉल्स’ लिहिलंय, तरी पायथनमधल्या ॲपचा डीबग (चुका शोधण्यासाठी आतली माहिती दाखवणारा मोड) चालूच. असं का?
— एक वाचक, वरुड, जि. अमरावती

उत्तर : दोन जागा तपासा. ‘डॉट ईएनव्ही’ ही फाइल कंपोजच्या फाइलमधल्या रिकाम्या जागा भरते, कंटेनरमध्ये आपोआप जात नाही. त्यासाठी कंपोजच्या फाइलमध्ये ‘ईएनव्ही_फाइल’ किंवा ‘एन्व्हायर्नमेंट’ लिहावं लागतं. दोन्हीकडे तेच नाव असेल तर ‘एन्व्हायर्नमेंट’मधली किंमत चालते. किंमत पोचत असेल तर दोष कोडचा : ती मजकूर म्हणूनच येते, आणि पायथनला ‘फॉल्स’ ही पाच इंग्रजी अक्षरं रिकामी नसल्याने खरीच वाटतात. ‘ट्रू’ या शब्दाशी थेट तुलना करा.