इंग्रजी बेताचं असताना क्रिप्टिक शब्दकोडी जमतात का? एकट्यानं सोडवावीत की चौघांत?

तुम्ही लिहिलंय की वर्तमानपत्रातलं साधं शब्दकोडं तुम्हाला सुटतं, पण क्रिप्टिकमधली एकेक ओळ वाचून डोकं गरगरतं, इंग्रजीही जेमतेम, मग या नादाला लागावं का आणि लागलोच तर एकट्यानं की कुणाच्या संगतीनं. मी बेळगावचा. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ चहाच्या टपरीवर आम्ही चौघं रविवारी सकाळी हेच करत बसतो. तेव्हा माझं उत्तर: लागा, आणि संगतीनंच लागा. इंग्रजीची धास्ती का नको तेही सांगतो.

आधी हा प्रकार काय ते थोडक्यात. साध्या कोड्यात 'किल्ला' विचारलं की 'गड' भरून मोकळं व्हायचं. क्रिप्टिकच्या ओळीत उत्तराकडं जाणाऱ्या वाटा दोन. ओळीच्या एका टोकाला, अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या शब्दांत तेच उत्तर तुकडे करून, उलटं फिरवून नाहीतर कशाच्या तरी पोटात दडवून ठेवलेलं असतं. वाक्य मात्र असं रचतात की वाचणाऱ्याला तिसरंच चित्र दिसावं. दोन्ही वाटा एकाच शब्दाशी येऊन भिडल्या तर उत्तर पक्कं. एकच भिडली तर तुम्ही अंदाज मारलाय.

आमच्यात एक सुभेदारमामा आहेत, पलटणीतून निवृत्त. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी सगळं फौजेतलं. सुरुवातीला ते नुसते चहाला यायचे. एकदा आमच्यातल्या अण्णांनी ओळ वाचली: 'मेन इन फीट, अ स्ट्राँगहोल्ड', चार अक्षरं. स्ट्राँगहोल्ड म्हणजे किल्ला, म्हणून 'फोर्ट' असणार हे आमच्यातल्या मास्तरीणबाईंनी लगेच ओळखलं. पण का? पायांत माणसं कशी शिरली? कुणालाच कळेना. आमच्या टपरीचा कायदा असा की कारण सांगितल्याशिवाय चौकटीत अक्षर भरायचं नाही. मामा बशीतला चहा संपवत म्हणाले, "मेन म्हंजे ओआर की ओ. अदर रँक्स. जवानांच्या यादीवर तसंच लिवत्यात." मोजमापातले फीट म्हणजे एफ-टी, त्यांच्या पोटात ओ-आर घाला, झाला फोर्ट. ब्रिटिश कोडी रचणाऱ्यांच्या डोक्यात त्यांची फौज, जहाजं आणि क्रिकेट ठासून भरलेलं. तोफखाना म्हटला की आर-ए, एंजिनिअर म्हटलं की आर-ई, मेडन ओव्हर म्हणजे एम, शून्यावर बाद म्हणजे ओ. यातलं निम्मं बेळगावसारख्या फौजेच्या कँपच्या गावात वाढलेल्याला बिनशिकवता येतं. इंग्रजीत एम. ए. केलेल्या बाईंना ते आलं नव्हतं, मामांना आलं.

म्हणून म्हणतो, संगत हवी. एकट्याला उत्तर सापडतं आणि तो पुढच्या ओळीवर जातो. चौघांत बसलं की 'का' हे तोंडानं सांगावं लागतं, आणि सांगताना तुमची पळवाट उघडी पडते. मी स्वतः पहिलं वर्षभर घरी बसून पानं भरली आणि शिकलो जवळजवळ काहीच नाही. दुसऱ्या दिवशीची उत्तरं बघायची, 'अरे हो' म्हणायचं, विसरून जायचं. 'फ्लॉवर' म्हणजे फूल नव्हे, 'फ्लो' होणारी, म्हणजे नदी, ही मुरलेली खोडी मला छापील उत्तरातून कधीच कळली नसती. ती अण्णांनी सांगितली, आणि सांगण्याआधी मला दहा मिनिटं फुलांची नावं आठवायला लावली.

तुम्हाला कोडी कुठली घ्यावीत हा प्रश्न पडेल. शब्दकोडं जन्मलं न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात, २१ डिसेंबर १९१३ ला, तेही साधंच. त्याला हे वाकडं वळण इंग्लंडात लागलं. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून 'टॉर्केमाडा' नावानं कोडी येऊ लागली, त्यांच्यानंतर आले 'झिमेनीस'. ही दोन्ही स्पेनच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना छळणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, बड्या अधिकाऱ्यांची नावं. गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आम्हा लोकांना सोडवणाऱ्याच्या छळाची ही जाहीर कबुलीच वाटते. १९७२ पासून तिथं 'अझेड' बसले. देझा या तिसऱ्या अधिकाऱ्याचं नाव इंग्रजीत उलटं लिहा म्हणजे अझेड होतं. टोपणनावसुद्धा कोडंच! आपल्याकडं 'द हिंदू'त १९७१ पासून क्रिप्टिक येतं. आमची सुरुवात त्याच्यावर झाली, तुम्हीही तिथूनच करा. नियमांचं म्हणाल तर झिमेनीसांनी १९६६ मध्ये ते पुस्तकात बांधून ठेवले: सरळ अर्थ असावा, शब्दखेळ असावा, बाकी पाचर काही नको. एवढ्यावर आमचे निम्मे वाद मिटतात.

उरलेले निम्मे आम्ही मराठीत ओळी रचायला लागल्यापासून सुरू झाले. गेट बंद असलं, गाडी यायला वेळ असला की त्या वेळात एक ओळ रचायची असा खेळ आहे. पहिली मजेशीर ओळ बाईंची: 'भांडण उलटवलं तर औषध', दोन अक्षरं. भांडण म्हणजे वाद, उलटा वाचा: दवा. १९५६ पासून सीमावाद सोबत घेऊन चालणाऱ्या गावात ही ओळ टपरीवाल्यालासुद्धा पाठ झाली. मग माझी: 'जेवण झालं, पाणी चढलं, लोंढ्याच्या अलीकडं उतरा', चार अक्षरं. जेवण म्हणजे खाना, पाणी चढलं म्हणजे पूर, आणि लोंढा हा पाण्याचा नव्हे, जंक्शनचा. खानापूर. अण्णांची मातृभाषा कानडी, त्यांनी टाकली: 'कानडी कापूस सोंड हलवतो', दोन अक्षरं. आम्ही तिघं मराठी गप्प, आणि शेजारच्या बाकावरचा रिक्षावाला हसत सुटला. कानडीत कापसाला 'हत्ति' म्हणतात. अशी ओळ पुण्यात कुणी रचली तरी तिथं दाद द्यायला माणूस मिळायचा नाही.

पण खरी जुंपली ती माझ्या एका ओळीवरून. 'नवरा बिघडला की झाडावर', तीन अक्षरं. उत्तर वानर. मी खूश. बाईंनी चष्मा काढला.

"नवरातला काना रा-ला आहे. वानरात तो वा-ला कसा आला?"

"बिघडला म्हटलंय की. अक्षरं हलली, काना पण हलला."

"तसा काना हलवायचा झाला तर 'राजा'चं 'रजा' करा आणि उरलेला काना खिशात घाला."

इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, तिथं स्वर हे सुटं अक्षर असतं आणि सव्वीस गोट्या कशाही सांडता येतात. आपल्या कोड्यात एका चौकटीत अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रेसकट, जोडाक्षर असलं तरी. मग शब्द मोडताना काना अक्षराला चिकटलेला धरायचा की सुटा? चिकटलेला धरला तर उलटापालटीला शब्दच फार थोडे उरतात. सुटा सोडला तर सोडवणाऱ्याला कशाचाच भरवसा राहत नाही. माझं मत अजूनही सुटा सोडावा असं आहे, पण मतदान झालं आणि मी तीन विरुद्ध एक पडलो. वर मामांनी मीठ चोळलं: 'उलट्या चौकीवर उभी रेघ', दोन अक्षरं. चौकी म्हणजे नाका. म्हणाले, "कोगनोळीच्या नाक्यावर जाऊन उलटं बघून या, तुमचा काना तिथं हुबा असंल."

या हरण्यातून एक फायदा झाला. काना चिकटलेला, हे एकदा ठरल्यावर आमचा भर उलट वाचण्यावर आणि श्लेषावर गेला, आणि श्लेषात मराठी इंग्रजीला ऐकत नाही. इंग्रजी ओळीही त्यानंतर मला जास्त सुटायला लागल्या. स्वतः चार ओळी रचल्यावर दुसऱ्यानं सांधा कुठं लपवला असेल ते बोटाला लागतं. तेव्हा इंग्रजी कोडं हातात घ्यायच्या आधी महिनाभर मराठीतच दोन-दोन अक्षरांच्या ओळी रचून बघा.

माणसं मात्र शोधायला लागतील. फार हुशार नकोत, वेगवेगळ्या धंद्यातली हवीत. आमच्यात एक फौजी, एक मास्तरीणबाई, एक औषधाच्या दुकानाचे अण्णा आणि मी विम्यातला. चौघंही विम्यातले असतो तर फोर्ट अजून रिकामाच असता. आणि एकाला तरी उत्तर आधी सापडलं तरी तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. आमच्यात हे फक्त बाईंना जमतं.

सुरुवातीला ही घ्या, गेल्या रविवारची, बाईंचीच: 'दिवस उलटला की शिऱ्याची सोय', दोन अक्षरं. सुटली तर नुसतं उत्तर लिहू नका, कारणासकट लिहा.